मिठाचे पाणी आणि तळ्याचे पाणी



आपली मुले शिकली, कॉलेजात गेली, ऑफिसात बसू लागली. तिथे कधीतरी जातीचा विषय निघतो आणि एक ठरलेले उत्तर त्यांच्या कानी पडते. "अहो, आमच्या उपनिषदांत तर सगळीकडे एकच ब्रह्म आहे. जे माझ्यात तेच तुमच्यात. जातपात हे मागून आलेले खूळ, मूळ तत्त्वज्ञानात ते नाहीच." बोलणारा पुष्कळदा भला माणूस असतो, मनापासून बोलत असतो. आपला मुलगा किंवा मुलगी मात्र गप्प होते. कारण ब्रह्म म्हणजे काय, हे आपल्या घरात कोणी कधी सांगितलेलेच नसते. घरी येऊन विचारावे तर दोनच उत्तरे मिळतात. एक, "सगळे थोतांड आहे, सोडून दे." दुसरे, "ते मोठ्या लोकांचे ज्ञान, आपल्याला काय कळणार!" आम्हाला ही दोन्ही उत्तरे पसंत नाहीत. पहिल्यात आळस आहे आणि दुसऱ्यात जुनी भीती आहे.

बाबासाहेबांनी यातले एकही उत्तर दिले नाही. शाळेत त्यांना संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे ते स्वतःच्या कष्टाने संस्कृत शिकले, ग्रंथ समोर ठेवले, आणि मग प्रश्न विचारले. तेव्हा या अंकी आम्ही ब्रह्म हाच विषय घेतला आहे. विषय जड आहे खरा. पण ज्यांनी तो प्रथम मांडला त्यांनी मीठ, पाणी, माती, वडाचे फळ अशा घरातल्या-अंगणातल्या वस्तू घेऊनच मांडला. त्यामुळे बिचकायचे कारण नाही.

आधी तीन शब्द वेगळे करू. ब्रह्मा म्हणजे चार तोंडांचा देव, ज्याने सृष्टी केली असे पुराणे सांगतात. ब्राह्मण हा वर्ण. आणि ब्रह्म हा तिसराच, नपुंसकलिंगी शब्द. ते ब्रह्म. तो नाही, ती नाही. वेदांत या शब्दाचा अर्थ मंत्र, प्रार्थना, मंत्राच्या अंगची शक्ती असा होता. यज्ञात मंत्र म्हटला की त्याच्या बळावर पाऊस पडतो, शत्रू हरतो, अशी समजूत. पुढे उपनिषदांच्या काळात काही विचार करणारी माणसे म्हणू लागली की असे एखादे बळ साऱ्या जगाच्याच मुळाशी असले पाहिजे. ते बळ, ते मूळ तत्त्व म्हणजे ब्रह्म. मराठीत मोठ्या गोंधळाला ब्रह्मघोटाळा म्हणतात. हे तीन शब्द एकमेकांत मिसळले तर तोच व्हायचा.

उपनिषदे पुष्कळ आहेत. त्यांतली बृहदारण्यक आणि छांदोग्य ही दोन सर्वांत जुनी, बहुतेक अभ्यासकांच्या मते तथागतांच्याही आधीची. ती गद्यात आहेत आणि त्यांत गोष्टी आहेत. छांदोग्याच्या सहाव्या अध्यायातली गोष्ट आम्हाला सर्वांत चांगली वाटते. ती सविस्तर सांगतो.

उद्दालक आरुणी नावाचा बाप आणि श्वेतकेतू नावाचा मुलगा. मुलगा बाराव्या वर्षी गुरूकडे गेला, चोविसाव्या वर्षी सारे वेद शिकून परत आला. आला तो ताठ्यातच. आपल्याला सगळे येते असा त्याचा तोरा. बापाने ओळखले आणि विचारले की बाबा रे, जे एक कळले म्हणजे सगळे कळते, ते तू गुरूला विचारलेस का? मुलगा गडबडला. असे कसे असेल, म्हणाला. मग बाप एकेक उदाहरण देतो. मातीचा एक गोळा ओळखला की मडके, घागर, परळ सगळे ओळखता येते. आकार वेगळे, नावे वेगळी, माती तीच.

मग तो मुलाला पंधरा दिवस उपाशी ठेवतो. पाणी मात्र पी म्हणतो. सोळाव्या दिवशी सांगतो, आता वेद म्हण. मुलाला काही आठवत नाही! बारा वर्षांचे पाठांतर पोटाबरोबर रिकामे झाले. बाप म्हणतो, जा, जेवून ये. जेवल्यावर सगळे भराभर आठवते. अर्थ असा की मन अन्नाचे बनलेले आहे.

वाचकहो, इथे आम्ही थोडे थांबतो. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी एका बापाने उपाशी पोटी विद्या टिकत नाही हे करून दाखवले, या बापाविषयी आम्हाला आदर वाटतो. 1982 साली मुंबईतल्या गिरण्यांचा संप झाला, तेव्हा ज्या घरांत चूल थंड होती त्या घरांतल्या पोरांची पुस्तके कशी मिटली, हे आमच्या जुन्या वाचकांना सांगायला नको. पुढच्या काळात हे ब्रह्मज्ञान जितके हवेत गेले तितके ते मुळात नव्हते, हेही यावरून दिसते.

मग येते वडाचे फळ. बाप म्हणतो, ते आण, फोड. आत काय दिसते? बारीक बी. ते बी फोड. आता काय दिसते? काहीच नाही. बाप म्हणतो, जे तुला दिसत नाही त्यातूनच हा एवढा वड उभा राहिला आहे.

आणि शेवटी मीठ. बाप सांगतो, हे मीठ पाण्यात टाकून ठेव, सकाळी ये. सकाळी म्हणतो, ते रात्रीचे मीठ काढून दे. मुलगा हात घालून शोधतो. सापडत नाही, विरघळून गेलेले. बाप म्हणतो, वरचे पाणी पिऊन बघ. खारट. मधले पी. खारट. तळचे पी. खारट. मीठ दिसत नाही, हाती लागत नाही, पण पाण्याचा असा एक थेंब नाही की ज्यात ते नाही. जगात ते मूळ सत्य असेच भरून राहिले आहे, आणि श्वेतकेतू, तू तेच आहेस. हेच ते प्रसिद्ध 'तत्त्वमसि'. या अध्यायात ते नऊ वेळा येते.

मिठाच्या पाण्याचा हा प्रयोग कोणत्याही घरात, कोणत्याही पोराला करून दाखवता येतो. सुंदर आहे. सुंदर गोष्टीला सुंदर म्हणायला आपले काही जात नाही.

दुसरी मोठी असामी याज्ञवल्क्याची. ही बृहदारण्यकात भेटते. विदेहाचा राजा जनक यज्ञ करतो, विद्वान गोळा होतात. राजा हजार गाई उभ्या करतो, प्रत्येकीच्या शिंगांना सोने बांधलेले. तुमच्यातला जो सर्वश्रेष्ठ ब्रह्मज्ञानी असेल त्याने त्या न्याव्या. कोणी पुढे होईना. याज्ञवल्क्य शिष्याला सांगतो, हाक रे त्या गाई. मग बाकीचे चिडतात आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. (एवढ्या गाईंचे शेणघाण पुढे कोणी काढले, असा प्रश्न आमच्या मनात येतो. पण तो त्या सभेत कोणी विचारला नाही.)

त्या सभेत गार्गी वाचक्नवी ही बाई दोनदा उठून प्रश्न विचारते. पहिल्यांदा ती विचारते, सगळे पाण्यात ओवलेले आहे, मग पाणी कशात? वाऱ्यात. वारा कशात? असे करत करत ती इतकी वर जाते की याज्ञवल्क्य तिला म्हणतो, पुरे, अति विचारलेस तर डोके गळून पडेल. ती गप्प बसते. पण थोड्या वेळाने पुन्हा उठते आणि आणखी कठीण प्रश्न टाकते. पुरुषांनी भरलेल्या सभेत एकदा दम मिळाल्यावर पुन्हा उठणारी ही बाई आम्हाला याज्ञवल्क्याहून जास्त आवडते. तिच्या दुसऱ्या प्रश्नाला तो उत्तर देतो ते असे की ज्यात सगळे ओवलेले आहे ते तत्त्व जाड नाही, बारीक नाही, आखूड नाही, लांब नाही, त्याला चव नाही, वास नाही, डोळे नाहीत, कान नाहीत. सगळे नाही-नाहीच. ब्रह्म सांगण्याच्या या रीतीलाच 'नेति नेति' म्हणतात, म्हणजे असे नाही, तसेही नाही. हाताला लागेल, डोळ्याला दिसेल, शब्दात बसेल असे जे जे आहे ते ते वगळत जायचे. उरते ते ब्रह्म. आणि तुमच्या आत जो बघणारा, ऐकणारा, जाणणारा आहे, तो आत्माही तसाच वगळत गेल्यावर उरणारा. दोन्ही एकच. उपनिषदांतल्या या एका धाग्याचे सार एवढेच.

पुढे याच ग्रंथात याज्ञवल्क्य जनकाला गाढ झोपेविषयी सांगतो. माणूस स्वप्नही नसलेल्या झोपेत गेला की त्या अवस्थेत बाप बाप राहत नाही, आई आई राहत नाही, चोर चोर राहत नाही आणि चांडाळ चांडाळ राहत नाही.

हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बसलो. चांडाळ चांडाळ राहत नाही, हे याज्ञवल्क्याला कळले होते तर! जात हा माणसाचा मूळ गुण नाही, ती जागेपणीची उपाधी आहे, हे त्या काळच्या सर्वांत मोठ्या ब्रह्मज्ञान्याला ठाऊक होते. पण कुठपर्यंत? झोपेपर्यंत. चांडाळाने सकाळी उठावे, झाडू घ्यावा, गावाबाहेरच्या वाटेने जावे. मग पुन्हा रात्री झोपेत ब्रह्म व्हावे.

आता मिठाच्या गोष्टीकडे परत येऊ. ती छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात आहे. त्याच्या आधीचे एकच पान उलटले की पाचवा अध्याय लागतो. तिथेही हाच श्वेतकेतू आहे, हाच त्याचा बाप आहे. पांचालांचा राजा प्रवाहण जैवली मुलाला पाच प्रश्न विचारतो, मुलाला एकही येत नाही. बाप स्वतः राजाकडे शिकायला जातो. राजा म्हणतो, ही विद्या आजवर ब्राह्मणांकडे गेलेली नव्हती. मग तो मेल्यानंतर माणूस कुठे जातो ते सांगतो. ज्यांची वागणूक चांगली ते ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य योनीत जन्मतात. ज्यांची वाईट ते कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या योनीत.

कुत्रा, डुक्कर आणि चांडाळ. एका ओळीत बसवलेले. शेजारच्या अध्यायात सगळ्या पाण्यात एकच मीठ.

इथे आपला भला मित्र म्हणेल, "कल्पना चांगली होती, मागून माणसे बिघडली." आम्हाला हे पटत नाही. हे मागून कोणा गावगुंडाने घातलेले नाही. ज्या पोथीत एकत्व आहे त्याच पोथीत ही उतरंडही आहे, आणि त्याच बाप-लेकांच्या कथेत आहे.

सत्यकाम जाबालाची गोष्ट मुलांच्या पुस्तकांत येते, तीही याच छांदोग्यातली. त्याची आई सांगते की तरुणपणी मी घरोघर राबत फिरत होते, तुझे गोत्र मला माहीत नाही, तू माझ्या नावाने जाबाल सांग. मुलगा गुरू हारिद्रुमत गौतमाला जसेच्या तसे सांगतो. गुरू प्रसन्न होतो आणि त्याला शिष्य करून घेतो. आपल्यातही ही गोष्ट कौतुकाने सांगतात. त्या राबणाऱ्या आईचा खरेपणा खरोखर कौतुकाचाच आहे. पण गुरू काय म्हणाला ते नीट पाहा. इतके खरे ब्राह्मणाशिवाय दुसरा कोणी बोलणार नाही, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे शूद्राचे पोर खरे बोलले की ते ब्राह्मणाचेच निघते. खरेपणासुद्धा शूद्राच्या नावावर जमा होत नाही.

पुढे ही सगळी विधाने एका धाग्यात ओवण्यासाठी बादरायणाने ब्रह्मसूत्रे रचली. शूद्राला ब्रह्मविद्येचा अधिकार आहे की नाही, असा प्रश्न त्यात सरळ घेतला आहे. पहिल्या अध्यायाचा तिसरा पाद, सूत्रे 34 ते 38. उत्तर, नाही. छांदोग्यात रैक्व नावाचा गाडीखाली बसून खरूज खाजवणारा ज्ञानी जानश्रुती राजाला 'शूद्र' म्हणून हाक मारतो आणि नंतर त्याला विद्या देतो. ही मोठीच अडचण होती. त्यावर सूत्रकार म्हणतात, इथे शूद्र म्हणजे शूद्र नव्हे, शोकाने धावत आलेला. शब्दाचा अर्थच फिरवला. सत्यकामाची गोष्टही तिथे पुरावा म्हणून येते. गुरूने तो शूद्र नाही अशी खात्री झाल्यावरच त्याला घेतला ना, असे म्हणून.

यावर आठव्या शतकाच्या सुमारास शंकराचार्यांनी भाष्य लिहिले. ब्रह्म सत्य, बाकीचे सगळे अज्ञानाने दिसणारे, हे मत त्यांच्याइतक्या ताकदीने कोणी मांडले नाही. त्यांच्या बुद्धीविषयी वाद नाही. पण त्याच भाष्यात, अडतिसाव्या सूत्राखाली, वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे आणि लाख ओतण्याचे स्मृतिवचन ते आधाराला घेतात. शूद्राला इतिहास-पुराणे ऐकून ज्ञान होऊ शकते, एवढी एक खिडकी ते उघडी ठेवतात. वेदाचे दार बंद. रामानुजांचे शंकराचार्यांशी ब्रह्माच्या स्वरूपाबद्दल मोठे भांडण. पण या सूत्रांवर दोघांचे एकमत! जग खरे की खोटे यावर जे शेकडो वर्षे वाद घालत राहिले, त्यांना शूद्राने वेद ऐकावा की नाही यावर वाद घालावासा वाटला नाही.

याला उत्तर म्हणून काशीची दंतकथा आपल्याला ऐकवतात. शंकराचार्य गंगेवर निघाले, वाटेत कुत्री घेऊन चांडाळ आला. दूर हो म्हटल्यावर त्याने विचारले, कोणी दूर व्हायचे, देहाने की आत्म्याने? आचार्य निरुत्तर झाले आणि नमले. कथा चांगली आहे. पण शेवटी तो चांडाळ म्हणजे साक्षात शिव होता असे निघते. चांडाळाचा प्रश्न बरोबर ठरायला चांडाळ हा देव निघावा लागला. खऱ्या चांडाळाने विचारले असते तर?

एवढ्या हुशार माणसांना ही विसंगती बोचत कशी नव्हती, असे कोणालाही वाटेल. त्यांनी तिची सोय लावली होती. सत्य दोन प्रकारचे. एक पारमार्थिक, ज्यात फक्त ब्रह्म आहे. दुसरे व्यावहारिक, ज्यात वर्ण, आश्रम, विटाळ, सोवळे-ओवळे सगळे आहे, आणि ज्ञान होईपर्यंत ते पाळायचे. म्हणजे एकच इमारत, दोन मजले. वरच्या मजल्यावर ब्रह्म आणि तळमजल्यावर जात. जिना चढायचा तर वेद पाहिजे, आणि वेदाचे दार बंद. आपल्या आजा-पणज्यांचा सारा जन्म तळमजल्यावरच गेला, तिथल्याही अंगणात.

बाबासाहेबांनी बोट ठेवले ते नेमके इथे. 1936 साली 'जातिनिर्मूलना'च्या न दिलेल्या भाषणात त्यांनी हिंदूंना सुचवले होते की स्वातंत्र्य, समता, बंधुता यांसाठी तुम्हाला परक्यांकडे जायला नको, उपनिषदांतून ती तत्त्वे घेता येतील असे मला सांगतात. आपण या विषयातले अधिकारी नाही, हेही ते मोकळेपणाने म्हणाले. म्हणजे दार त्यांनी उघडे ठेवले होते. पुढे त्यांनी स्वतः त्या दारातून आत जाऊन पाहिले. 'रिडल्स इन हिंदुइझम' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. महाराष्ट्र शासनाने तो 1987 साली प्रसिद्ध केला. त्यावर उठलेले वादळ आणि 1988 च्या सुरुवातीचे मुंबईतले मोर्चे अनेकांना आठवत असतील. वादळ राम-कृष्णांवरच्या परिशिष्टावरून होते. त्या धुरळ्यात त्यातले ब्रह्मावरचे प्रकरण वाचायचे राहून गेले, असे आम्हाला वाटते. ते बाविसावे कोडे आहे. ज्याला इंग्रजी येते त्याने ते मुळातून वाचावे आणि घरातल्यांना सांगावे.

आपल्याला वाटेल की त्यात त्यांनी ब्रह्माची टर उडवली असेल. तसे नाही. 'अहं ब्रह्मास्मि' म्हणजे मीच ब्रह्म, हा उद्दामपणा आहे असा काहींचा आक्षेप होता. बाबासाहेब म्हणतात, हा उद्दामपणा कशाला मानता? ज्या समाजात माणसे स्वतःला हीन समजतात तिथे माणसाने आपली किंमत अशी ठासून सांगणे चांगलेच आहे. सगळे एकाच ब्रह्माचे अंश असतील तर सगळे समान ठरतात, सगळ्यांना सारखेच स्वातंत्र्य मिळाले पाहिजे. लोकशाहीला याहून भक्कम पाया सापडणे कठीण. ब्रह्म कळो वा न कळो, ही त्याची किंमत ते कबूल करतात. आणि मग विचारतात, एवढा पाया हाताशी असताना त्यावर घर का उभे राहिले नाही? एका बाजूला सर्व ब्रह्म, दुसऱ्या बाजूला शूद्र, अतिशूद्र आणि स्त्रिया. हे दोन्ही शेजारी-शेजारी कसे नांदले? त्यांचे म्हणणे असे की ब्रह्म हे तत्त्वज्ञान राहिले, त्याला धर्माचा, म्हणजे रोजच्या वागणुकीचा पाया कोणी केले नाही. ज्ञानी लोक ते जाणून संतुष्ट राहिले.

आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी पुढच्या वेळी हे ऐकेल तेव्हा भांडायची गरज नाही. "तुमच्या ब्रह्मात मीही आहे हे ऐकून बरे वाटले. पण ते पाण्यापर्यंत कधी आले?" एवढे शांतपणे विचारावे.

पाणी आम्ही मुद्दाम म्हटले. 1923 साली रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. मग काय झाले? हल्ला झाला, डोकी फुटली, आणि नंतर तळे बाटले म्हणून दही, दूध, शेण, गोमूत्र भरलेल्या 108 मातीच्या घागरी मंत्रघोषात तळ्यात बुडवून ते शुद्ध केले. मंत्र म्हणणाऱ्यांना ब्रह्म शब्द नक्कीच माहीत होता. उद्दालकाने मुलाला वरचे, मधले, तळचे पाणी पाजून दाखवले की एकच तत्त्व सगळीकडे आहे. महाडमध्ये वरचे, मधले, तळचे सगळे पाणी एका ओंजळीने बाटले. जे तत्त्व सर्वत्र भरलेले आहे ते आपल्या माणसांच्या बोटांत मात्र नव्हते. पुढे कोर्टात दहा वर्षे गेली. 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. त्या निकालात ब्रह्माचा उपयोग झाला नाही, कायद्याचा झाला.

आता तथागतांकडे वळू. त्यांच्यासमोरही हा विषय आला होता. दीघ निकायात तेविज्ज सुत्त आहे, तेराव्या क्रमांकाचे. कोसल देशात अचिरवती नदीच्या काठी मनसाकट गाव. तिथल्या आमराईत तथागत उतरले होते. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण ब्राह्मण फिरता फिरता वाद घालू लागले. एक म्हणे, ब्रह्माशी एकरूप होण्याचा मार्ग माझे गुरू पोक्खरसाती सांगतात तो. दुसरा म्हणे, माझे गुरू तारुक्ख सांगतात तो. वाद मिटेना म्हणून दोघे तथागतांकडे आले. (या सुत्तातला ब्रह्मा बहुतकरून देव आहे, उपनिषदांतले ते 'ते' नाही. पण तथागतांचा प्रश्न दोघांनाही लागू पडतो.)

तथागतांनी विचारले, तुमच्या गुरूंपैकी कोणी ब्रह्माला प्रत्यक्ष पाहिले आहे का? नाही. त्यांच्या गुरूंनी? नाही. सात पिढ्या मागे जा, कोणी? नाही. ज्या ऋषींनी मंत्र रचले त्यांनी? त्यांनीही नाही. तेव्हा तथागत म्हणाले, ही आंधळ्यांची माळ झाली. पुढच्याला दिसत नाही, मधल्याला दिसत नाही, मागच्याला दिसत नाही. मग ते त्या माणसाची गोष्ट सांगतात जो म्हणतो, माझे देशातल्या सर्वांत सुंदर बाईवर प्रेम आहे. तिचे नाव काय? माहीत नाही. काळी की गोरी? माहीत नाही. कोणत्या गावची? माहीत नाही. आणखी एक माणूस चौकात जिना बांधत बसला आहे. वाडा कुठे आहे विचारले तर माहीत नाही म्हणतो. आणि पुराने भरलेली अचिरवती. अलीकडच्या काठावर उभा राहून कोणी पलीकडच्या काठाला हाका मारू लागला, ये रे इकडे, तर तो काठ येईल का?

यानंतरचे आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. तथागत त्या मुलांना हसून परत पाठवत नाहीत. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार भावना सगळ्या दिशांना, कोणालाही न वगळता, पसरवायला सांगतात. या चारांनाच ब्रह्मविहार म्हणतात. शब्द त्यांचाच ठेवला, पण त्यात रोजची वागणूक भरली. नित्य आत्मा ते मानत नाहीत, त्यामुळे आत लपलेल्या एकाच तत्त्वावरून माणसे समान ठरवण्याची त्यांना गरजही पडली नाही. दुःख सगळ्यांना होते आणि त्यातून सुटण्याची खटपट सगळे करू शकतात, समता मानायला एवढे पुरते, असे आम्ही समजतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात वासेट्ठ-भारद्वाजांची ही गोष्ट घेतली आहे. तो ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. आता मराठीत तो पुष्कळ घरांत आहे. त्यात ब्रह्मावरचा भाग काढून एका रविवारी विहारात वाचायला हरकत नाही. मुलांच्या वर्गात मिठाच्या पाण्याचा प्रयोगही करून दाखवावा आणि उद्दालकाचे नाव सांगावे. त्यानंतर महाडची गोष्ट सांगावी.

वासेट्ठ आणि भारद्वाज ही जोडी आणखी एका सुत्तात भेटते. तिथे त्यांचा वाद ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने, असा आहे. तथागत त्यांना गवत, झाडे, किडे, साप, मासे, पाखरे यांच्या जाती दाखवत दाखवत माणसापर्यंत आणतात, आणि माणसांत तशी खूण कुठे आहे ते दाखवा म्हणतात. त्याविषयी पुढच्या अंकी.